सात रेघा

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे आणि त्याचा थेंब जिभेला लावायचा, ही आमच्या घरची चाल आजीने आपल्या माहेराहून, कोकणातून, नाशिकला आणली. पंचवटीतल्या आमच्या आळीत ती दुसऱ्या कुणाकडे नव्हती. लहानपणी मला तिचा फार राग येई. घरात चकल्या-करंज्यांचे डबे भरलेले, अंगाला उटण्याचा सुवास, आणि वर्षातल्या सगळ्यांत गोड दिवसाचा आरंभ मात्र त्या कडूजहर फळाने! "आजी, आज तरी कडू कशाला?" असे मी कुरकुरलो की ती म्हणे, "एक थेंबच तर आहे. थेंबाला काय रडतोस?"

'थेंब' या शब्दावर तिचा जोर असे. तो जोर माझ्या ध्यानात यायला माझी साठी उलटावी लागली, आणि त्यासाठी जी किंमत मोजावी लागली असती ती थोडक्यात चुकली. तीच हकीकत आज सांगायची आहे.

आजीच्या कडू वस्तूंच्या संसारात कारीट हा सणाचा पाहुणा होता. घरचे माणूस म्हणजे गुळवेल. आमच्या मागच्या अंगणात विहिरीला लागून एक कडुनिंब आहे. वाडा पडला, त्या जागी दोन मजली घर उभे राहिले, विहिरीवर लोखंडी जाळी आली, पण निंब आहे तिथेच आहे. त्या निंबावर आजीने गुळवेल चढवली होती. निंबावरची गुळवेल गुणाला अधिक, असे वैद्यमंडळी मानतात, आजीही मानी. विड्याच्या पानाची आठवण करून देणारी, हृदयाच्या आकाराची तुकतुकीत पाने. बोटाने ओढली की कागदासारखी सुटणारी पातळ साल. सालीखाली हिरवेगार कांड. आणि वरच्या फांद्यांवरून खाली सोडलेले सुतळीसारखे लांबच लांब दोर. कांड आडवे कापले की आत गाडीचे चाक दिसते, मध्ये आस आणि भोवती आऱ्या. ते चाक पाहायला आम्ही पोरे आजीच्या भोवती गर्दी करत असू.

संस्कृतात या वेलीला नावे तरी किती! गुडूची, अमृता, कुंडली, चाकामुळे चक्रलक्षणिका, आणि कापली तरी पुन्हा वाढते म्हणून छिन्नरुहा. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांनी 'भावप्रकाशा'त तिच्या जन्माची कथा दिली आहे. लंकेच्या रणात राक्षसांनी मारलेल्या वानरांवर इंद्राने अमृत शिंपडले; वानर उठून बसले, आणि त्यांच्या अंगावरून ओघळलेले थेंब जिथे जिथे मातीत पडले तिथे तिथे गुळवेल उगवली. आम्ही पंचवटीची माणसे. रामाच्या गोष्टीत जे जे येते ते सारे आम्हांला आपल्या घरचेच वाटते. ही कथा सांगून झाली की आजी हटकून म्हणायची, "बघ, तिथेसुद्धा थेंबच पडले हो!"

मी सातआठ वर्षांचा असताना, १९६५ च्या पावसाळ्यात, मला ताप आला. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तो उतरला; पण संध्याकाळी अंग कोमट लागायचे, जेवण जात नसे. तेव्हा आजीने गुळवेल काढली. अंगठ्याएवढे जाड, चार बोटे लांब कांड ती मोजून घेई. ते ठेचून पाण्यात उकळायचे, चतकोर पाणी उरले की गाळायचे. पेला माझ्या हातात देण्याआधी आजी त्यातला एक घोट स्वतः घेई, आणि मी तोंड वेडेवाकडे करून उरलेला संपवला की चुलीतल्या विझल्या कोळशाने स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक उभी रेघ ओढी. रोज एक रेघ. सात रेघा झाल्या. आठव्या दिवशी मी आपण होऊन हात पुढे केला, कारण काढ्यानंतर गुळाचा खडा मिळत असे. आजी म्हणाली, "संपलं. आता वेलीला विश्रांती आणि तुलाही." आणि ओल्या फडक्याने तिने सातही रेघा पुसून टाकल्या.

आळीतल्या बायका तिच्याकडे गुळवेल मागायला येत. आजी कोयतीला हात लावण्याआधी त्यांची उलटतपासणी घेई. ताप किती दिवसांचा? भूक लागते का? दुसरे कसले औषध चालू आहे? सूनबाईला दिवस तर गेलेले नाहीत ना? उत्तरे मनासारखी आली तर मोजून सात तुकडे मिळत. नाही आली तर, "हिला नको. हिला डॉक्टरांकडे घेऊन जा," असे सांगून ती सरळ परत पाठवी. या नकाराचा बायकांना राग येई. म्हातारी वेलीवर नागासारखी बसली आहे, असे एकीने म्हटलेले मी ऐकले आहे.

आजी १९७४ साली गेली. वेल मला वारशाने मिळाली. वारशाची गंमत अशी असते की वस्तू मिळते आणि ती वापरण्याची रीत मात्र वाटणीच्या कागदावर चढत नाही. मला वेल आठवत होती, चाक आठवत होते, इंद्राची कथा आठवत होती, गुळाचा खडा तर पुरता आठवत होता. रेघा तेवढ्या विसरलो होतो.

मग २०२० साल उजाडले. त्या वर्षाचे वर्णन मी करायला नको. आपण सगळे त्यातून गेलो आहोत. रामकुंडावर शुकशुकाट होता. औषध नावाची गोष्ट कुणाच्याच हातात नव्हती, आणि ज्याच्या हातात काही नसते तो हाताला लागेल ते धरतो. त्या वर्षी गुळवेलीला असे दिवस आले की काही विचारू नका! भाजीच्या गाड्यांवर कोथिंबिरीच्या शेजारी गुळवेलीच्या जुड्या दिसू लागल्या. आपला कसारा घाट उतरला की शहापूर तालुका लागतो. तिथल्या कातकरी तरुणांना औषध कंपन्यांकडून गुळवेलीच्या मोठमोठ्या मागण्या आल्या आणि कठीण काळात त्यांच्या हातांना काम मिळाले, ही त्यातली चांगली बाजू.

माझ्या दारी तर निंबावरची गुळवेल! मी एकदम आळीतला मान्यवर गृहस्थ झालो. मागेल त्याला वेल कापून देऊ लागलो आणि वर भावप्रकाशातली कथाही ऐकवू लागलो. घरात सकाळच्या चहाआधी काढा सक्तीचा केला. आमच्या हिने दोन आठवड्यांत बंड केले. मी स्वतः कधी घेई, कधी विसरे. काढा नेमाने, एक दिवस न चुकवता घेणारी एकच व्यक्ती घरात होती, ती म्हणजे अक्का.

अक्का माझी थोरली बहीण. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तरीण होती. यजमान गेल्यावर आमच्याकडे राहायला आली. वर्गात मुलांना शिस्त लावून लावून ती शिस्त तिच्या हाडांत उतरली आहे. सकाळी उठल्याबरोबर थायरॉइडची गोळी, मग अर्ध्या तासाने काढा. जुलैपासून तिने हा नेम धरला. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. मध्ये एकदा पेला हातात घेऊन तिने मला विचारलेही, "किती दिवस घ्यायचं रे हे?"

मी म्हणालो, "अगं, घरचंच आहे. त्याला काय दिवस मोजायचे?"

हे वाक्य मी इथे जसेच्या तसे लिहून ठेवतो आहे. माणसाने आयुष्यात काही वाक्ये बोलल्यानंतर परत घ्यायची सोय हवी होती.

त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, १४ नोव्हेंबरला, आले होते. पहाटे पणत्यांच्या उजेडात अक्काने मला तेल लावले. या वयातही पहिले बोट तिचेच असते. तिने वाकून कपाळाला तेल लावले तेव्हा मला तिचे डोळे पिवळे दिसले. उटण्यातली हळद गेली असेल, असे मला वाटले. "अक्का, डोळे धू," मी म्हणालो. तिने धुतले. पुसून पुन्हा माझ्याकडे पाहिले. पिवळेपण गेले नव्हते. आठदहा दिवस अन्नावरची वासना उडाली होती, हे तिने तेव्हा सांगितले. सणाची धांदल, म्हणून ती बोलली नव्हती.

दुपारपर्यंत रक्ताचा अहवाल आला. जो आकडा निरोगी माणसात एकाच्या आसपास असतो तो तिचा १४ होता. तिला रुग्णालयात ठेवून घेतले. तरुण डॉक्टरीणबाईंनी मला विचारले, "काका, घरी कसली औषधं चालू आहेत?"

"थायरॉइडची एक गोळी. बाकी काही नाही," मी सांगितले, आणि हे सांगताना मी खोटे बोलतो आहे अशी मला शंकाही आली नाही.

काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या झाल्या; एकही निघाला नाही. पित्ताच्या वाटेत खडा नव्हता. दुसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा विचारले, "काढा वगैरे काही?"

"हो, पण तो घरचाच आहे! गुळवेलीचा."

त्यांनी लिहिणे थांबवून वर पाहिले. "किती घेतात?"

"मूठभर कांड्या असतील."

"किती दिवस?"

मी गप्प राहिलो. मास्तरणीच्या भावाला, निंबावरच्या गुळवेलीच्या मालकाला, बोटे मोजता येईनात. अखेर मी म्हणालो, "दिवस मोजले नाहीत."

दोन दिवसांनी भाऊबीज होती. साथीमुळे भेटायला आत सोडत नव्हते. मी खाली रस्त्यावर उभा राहिलो. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत अक्का आली आणि काचेआडून तिने रिकाम्या हाताने मला ओवाळले, तीन वेळा, नीट सावकाश. मग पदर पसरून ओवाळणी मागितली. मी रिकाम्या हाताने नमस्कार केला आणि घरी आलो. माळ्यावरचा कोयता काढला आणि निंबावरची गुळवेल बुंध्यापासून कंबरेइतक्या उंचीवर तोडली. बुंधाही उकरून काढला. आजीने लावलेली वेल! तोडताना कांडातले चाक दिसले, तेव्हा मात्र मला पाहवले नाही.

अक्का नऊ दिवसांनी घरी आली. काही आठवडे तिला स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या, आणि रक्तातला आकडा जागेवर यायला तीन महिने गेले. बाईंनी मला नीट बसवून समजावले. कारण बहुधा काढाच असावा. दुसरे कारण सापडत नाही, आणि बंद केल्यावर कावीळ उतरत गेली, हीही एक साक्ष. काही माणसांच्या शरीराची राखण करणारी शक्ती आपल्याच अवयवांवर उलटण्याच्या बेतात असते. थायरॉइडचे पुष्कळ विकार याच जातीचे. अशा माणसाला ती शक्ती चाळवणारे औषध रोज दिले, तर ती यकृतावर घसरू शकते. "खात्रीच करून घ्यायची तर पुन्हा काढा देऊन पाहावं लागेल," त्या म्हणाल्या, "आणि ते कुणीही करणार नाही." तेव्हा माझ्या घरच्या प्रकरणाचा निकाल 'बहुधा' या शब्दावर थांबला आहे, आणि तो तिथेच राहील.

पुढल्या वर्षी, २०२१ च्या जुलैत, वर्तमानपत्रांत बातमी आली. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला होता. सगळे २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमधले. म्हणजे आमची अक्का एकटी नव्हती. लगोलग आयुष मंत्रालयाचे उत्तरही आले : रुग्णांनी घेतलेली वनस्पती कोणती, हे तज्ज्ञांनी तपासलेले नाही, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीही असतात, गुळवेलीला दोष देणे घाईचे आहे.

ते उत्तर वाचून मला जो आनंद झाला त्याची आज लाज वाटते. आमची वेल खोटी असली तर सगळेच सुटत होते : इंद्र सुटत होता, भावमिश्र सुटत होते, आजी सुटत होती, आणि मी तर नक्कीच. मी मागच्या अंगणात गेलो. वेल तर मी तोडलेली. पण वर पाहतो तो काय! तोडलेला वरचा भाग निंबाच्या फांद्यांवर तसाच हिरवा होता, आणि पावसाळा लागताच त्याने वरून एक दोर खाली सोडला होता. तो जमिनीपासून वीतभर अंतरावर येऊन लोंबकळत होता. छिन्नरुहा हे नाव मी शंभर वेळा लोकांना सांगितले असेल. त्याचा अर्थ त्या दिवशी पाहिला.

एक डहाळी घेऊन मी माझ्या एका स्नेह्यांकडे गेलो. त्यांनी जन्मभर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले आहे. त्यांनी भिंगातून पान उलटसुलट पाहिले. गुळवेलीच्या एका भावंडाच्या पानाला खालून मऊ लव असते. या पानाला नव्हती. दुसऱ्या एकीच्या कांडावर चामखिळींसारखे दाट उंचवटे असतात. या कांडावर तसे नव्हते. त्यांनी कांड कापले, चाक पाहिले, आणि भिंग खाली ठेवून म्हणाले, "अस्सल आहे. इतकी चांगली गुळवेल नाशकात दुसरीकडे पाहिली नाही."

इतक्या वाईट वाटलेल्या स्तुतीचे दुसरे उदाहरण माझ्या आयुष्यात नाही.

निघताना त्यांनी एक नाव सांगितले : डॉ. शरदिनी डहाणूकर. मी म्हणालो, "'फुलवा' आणि 'वृक्षगान' लिहिणाऱ्या? आमच्या हिच्या कपाटात आहेत." ते हसले. झाडांवर इतके सुंदर लिहिणाऱ्या या बाई मुंबईच्या केईएम रुग्णालयात औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, आणि त्यांनी, डॉ. ऊर्मिला थत्ते यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या व नव्वदीच्या दशकांत गुळवेलीची कसून परीक्षा केली होती, हे मला ठाऊकच नव्हते. त्यांच्या गटाने १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ३० रुग्ण होते. रुग्ण कशाचे? काविळीचे! पित्ताची वाट अडून कावीळ झालेल्या माणसांची जंतूंशी झुंजण्याची ताकद खचते आणि शस्त्रक्रियेत ते दगावतात. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे या रुग्णांचे दोन गट पाडले. नेहमीचे उपचार दोन्ही गटांना दिले. एका गटाला त्याखेरीज वजनाच्या हिशेबाने मोजून गुळवेल दिली. गुळवेल न मिळालेल्यांपैकी निम्म्यांच्या रक्तात जंतुदोष पसरल्याची लक्षणे दिसली. मिळालेल्यांपैकी एकातही दिसली नाहीत.

हे वाचून मी कितीतरी वेळ तसाच बसलो. त्या रुग्णालयात गुळवेलीने काविळीच्या रुग्णांना हात दिला, आणि माझ्या घरात त्याच गुळवेलीने धडधाकट माणसाला काविळीत लोटले. यांतले खरे कोणते? दोन्ही खरे. फरक वेलीत नव्हताच. तिथे कोणाला, किती आणि किती दिवस हे ठरलेले होते आणि कोणीतरी वहीत लिहीत होते. आजीच्या भाषेत सांगायचे तर तिथे भिंतीवर रेघा होत्या.

तोवर वनौषधी 'तपासणे' हा शब्द मला थोडा अपमानाचा वाटत असे. घरच्या वडीलधाऱ्या माणसाकडे ओळखपत्र मागावे तसा. आता त्यातल्या पायऱ्या मला आजीच्या ओट्यावरून दिसू लागल्या. पहिली पायरी ओळखीची : ही वेल तीच ना? आजी चाक बघे. शास्त्रज्ञ पान दाबून, वाळवून नमुना जपून ठेवतात, आणि मातीतून जड धातू किंवा फवारणीचे विष आले आहे का तेही पाहतात. दुसरी पायरी अपायाची : उंदरांना कमीजास्त मात्रा देऊन, काही आठवडे ते काही महिने त्यांचे वजन, रक्त, यकृत तपासायचे. आजी स्वतः पहिला घोट घेई. मग माणसांची पाळी. पहिल्याने थोडी निरोगी माणसे, नंतर रुग्ण, आणि तेही दोन गटांत. कारण ताप सात दिवसांत आपोआपही उतरतो, आणि एकच गट असला तर श्रेय वेलीचे की वेळेचे हे कळत नाही. ही शेवटची पायरी मात्र आजीकडे नव्हती, हे कबूल केलेच पाहिजे. माझा ताप काढ्याने गेला की कंटाळून गेला, हे तिलाही सांगता आले नसते.

आणि तरीही काही उरतेच. हजारो माणसांत एखाद्यालाच होणारा अपाय ३० रुग्णांच्या प्रयोगात दिसणार कसा? तो दिसायला लाखो माणसांनी ती वस्तू घ्यावी लागते. २०२० साली नेमके तेच झाले. सारा देश काढा पीत होता. इतका मोठा प्रयोग कोणत्याही प्रयोगशाळेने केला नसेल; फक्त वही कुणी ठेवली नव्हती. म्हणून त्या सहा रुग्णांची नोंद करणाऱ्या डॉक्टरांचे मला उपकार वाटतात. २०२२ साली देशभरातल्या १३ केंद्रांतल्या डॉक्टरांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि बहुतेक जण वेल बंद केल्यावर सुधारले असे त्यात आढळले. आयुषच्या बाजूनेही पाहिले तर ऑक्टोबर २०२० च्या त्यांच्या उपचारपत्रिकेत गुळवेलीच्या गोळ्यांना मुदत घातलेली होती : १५ दिवस किंवा एक महिना, अथवा वैद्य सांगतील त्याप्रमाणे. मुदत दोघांनाही मान्य होती. ती मान्य नसलेला गृहस्थ एकच, तो पंचवटीत राहत होता.

आमच्या इथे म्हसरूळला, दिंडोरी रस्त्यावर, १९९८ साली स्थापन झालेले आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. ॲलोपॅथीची आणि आयुर्वेदाची महाविद्यालये त्या एकाच विद्यापीठाला जोडलेली आहेत. त्यावरून जाताना मला पूर्वी वाटे, दोन सवती एका घरात कशा नांदत असतील? आता वाटते, भांडण झाले तरी हरकत नाही. भांडताना दोघी एकाच वहीत लिहीत असल्या म्हणजे पुरे.

अठराव्या शतकात विल्यम विदरिंग नावाचा एक इंग्रज डॉक्टर होता. श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीकडे अंगावरची सूज उतरवणारा गुप्त घरगुती काढा होता. १७७५ साली त्याबद्दल त्याचे मत विचारण्यात आले. काढ्यात वीसेक वनस्पती होत्या; खरे काम त्यांतल्या एका जांभळ्या फुलांच्या झाडाचे, डिजिटॅलिसचे, आहे हे त्याने हेरले. पुढची दहा वर्षे तो मात्रा ठरवत बसला आणि १७८५ साली त्यावर पुस्तक लिहिले. गुण आलेल्या रुग्णांबरोबर न आलेल्यांच्याही हकिकती त्यात त्याने दिल्या, आणि अमुक लक्षणे दिसताच औषध थांबवा, असे बजावून सांगितले. कारण तेच झाड मात्रा चुकली तर जीव घेते. म्हातारीचा काढा जगाचे औषध झाला तो तिथून. विदरिंगने तिच्यावर अविश्वास दाखवला असे कुणी म्हणेल; मला तर वाटते, तिचा इतका आदर दुसऱ्या कुणी केला नसेल.

पण इतके लांब जायची गरज नव्हती. आमच्या गंगेवर दर बुधवारी बाजार भरतो. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. तिथे त्र्यंबककडच्या डोंगरातून येणारी एक म्हातारी मुळ्या-साली घेऊन बसते. तिच्या पुढ्यात गुळवेल पाहून मी सहज विचारले, "मावशी, ही किती दिवस घ्यायची?"

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "ताप आलाय का, बाबा?"

"नाही."

"मग कशाला घ्यायची? ताप गेला का सोडायची. औषध हाये ते, भाकर नाय."

मी तिथून काही न घेता उठलो. माझी आजी ज्या शाळेत शिकली होती, ती अजून भरते आहे तर!

तो दोर जमिनीला पोहोचला, रुजला, आणि वेल आता पुन्हा निंबाच्या शेंड्याला गेली आहे. मी कोयता पुन्हा काढला नाही. गेल्या पावसाळ्यात मला ताप येऊन गेला आणि लहानपणासारखीच कसर अंगात रेंगाळली. डॉक्टरांनी रक्त पाहून हरकत नाही म्हटले; ओळखीच्या वैद्यांनी नाडी पाहून, इतर औषधे विचारून सात दिवस गुळवेल सांगितली. काढा करायला अक्का उठली. मी म्हणालो, "तू राहू दे. तुला त्याचा वाससुद्धा नकोसा झाला असेल."

"वेलीवर माझा राग नाही," अक्का म्हणाली. "माझ्या वाट्याची संपली, इतकंच."

तिने कांड मोजून घेतले, चार बोटे. पेला माझ्या हातात दिला, आणि कानावरची पेन्सिल काढून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या समासात एक उभी रेघ ओढली. मी तिला रेघांची गोष्ट कधी सांगितली नव्हती. सांगायची गरजही नव्हती; १९६५ साली त्या स्वयंपाकघरात तीही होतीच, आणि माझ्याहून मोठी होती. मग २०२० साली तिला ते कसे आठवले नाही, असे माझ्या ओठांवर आले. पण तिला आठवले होते. पेला हातात धरून तिने मला विचारले होते, किती दिवस घ्यायचं रे हे?

सातवी रेघ झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन हात पुढे केला. अक्काने माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, "संपलं."

यंदाही नरकचतुर्दशीला आम्ही तुळशीपुढे कारीट फोडू. नातवंडे तोंडे वाकडी करतील आणि आज तरी कडू कशाला, म्हणून विचारतील. उत्तर मला पाठ आहे. पण ते द्यायचा मान मी अक्कालाच देणार आहे.